पाचवे शील आणि अनामिकांची सभा

पौर्णिमेच्या वंदनेला विहारात उपासक-उपासिका एका सुरात त्रिशरण-पंचशील ग्रहण करतात. चार शिलांपर्यंत सर्वांचा स्वर सारखाच असतो. पाचव्या शिलापाशी मात्र एखाद्याचा आवाज खाली जातो. पुढे तो उपासक मागच्या रांगेत बसू लागतो आणि काही महिन्यांनी येईनासा होतो. त्याचे काय झाले, हे वस्तीत सर्वांना ठाऊक असते. पण विहारात त्याविषयी कोणी बोलत नाही. प्रस्तुत लेख त्या उपासकासाठी आहे आणि त्याच्या रिकाम्या जागेकडे न पाहणाऱ्या आपणा सर्वांसाठीही आहे. मद्यासक्त माणसाला सहाय्यक गट कोठे सापडतो, तेथे काय घडते आणि बौद्ध उपासकाने तेथे जावे की नाही, या तीन प्रश्नांचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

शील म्हणजे शिक्षापद

प्रथम पाचव्या शिलाचा अर्थ पाहू. त्यात चार शब्द महत्त्वाचे आहेत. 'सुरा' म्हणजे धान्यापासून आंबवून केलेले पेय. 'मेरय' म्हणजे फुले, फळे, मध किंवा गूळ-साखर यांपासून केलेले पेय. 'मज्ज' म्हणजे जे जे मद आणते ते. 'पमाद' म्हणजे प्रमाद, अर्थात जागृतीचा लोप. बुद्धधम्मात मद्याचा निषेध आहे तो पेय अपवित्र आहे म्हणून नव्हे, तर ते प्रमादाचे स्थान आहे म्हणून. राजगृहाच्या सिगाल नावाच्या गृहपतिपुत्राला उपदेश करताना तथागतांनी मद्यपानाचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत. धनहानी, कलहवृद्धी, रोग, अपकीर्ती, निर्लज्जता आणि प्रज्ञेची दुर्बलता हे ते सहा होत. यांत नरकाची भीती नाही. डोळ्यांना दिसणारी कारण-परिणामांची साखळी आहे.

पंचशिलातील प्रत्येक शिलाला 'शिक्षापद' म्हटले आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे. शिक्षापद म्हणजे शिकण्याचे पाऊल. ती कोणा ईश्वराची आज्ञा नव्हे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील सतरावी प्रतिज्ञा मद्यपान न करण्याची आहे. ज्या समाजाचे श्रम आणि स्वाभिमान शतकानुशतके लुटले गेले, त्याने हाती आलेली मजुरी गुत्त्यावर घालवू नये, हा तिच्यामागील सामाजिक अर्थ आहे. तिचे मोल कमी करावे, असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. प्रतिज्ञा घेतलेला माणूस जेव्हा मद्याच्या पाशात सापडतो, तेव्हा त्या प्रतिज्ञेपर्यंत परत जाण्याची वाट त्याला कोण दाखवणार?

सागत स्थविरांची कथा

विनयपिटकात भिक्षूंसाठी मद्यपाननिषेधाचा नियम कसा झाला, याची कथा आहे. सागत नावाचे भिक्षू ऋद्धिमान होते. तेजोधातूच्या समाधीत प्रवीण असलेल्या भिक्षूंत तथागतांनी त्यांना अग्रस्थान दिले आहे. अंबतित्थ येथील एका भयंकर नागाला त्यांनी नमविले आणि त्यांची कीर्ती कौशांबीपर्यंत पोहोचली. कौशांबीच्या उपासकांनी काही उनाड भिक्षूंच्या सांगण्यावरून घरोघरी उंची मद्य तयार ठेवले आणि भक्तिभावाने सागतांपुढे केले. प्रत्येक घरी पिऊन सागत नगराच्या वेशीत कोसळले.

तथागत भिक्षूंसह तेथून जात होते. त्यांनी सागताला पाहिले आणि भिक्षूंना सांगितले, याला उचलून घ्या. भिक्षूंनी त्यांना आरामात आणून निजविले. नंतर तथागतांनी विचारले की, ज्याने नागाला जिंकले तो सागत आज पाण्यातल्या सापाशी तरी झुंजू शकेल काय? आणि त्यानंतर नियम सांगितला.

या कथेतून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, नागाला नमविणारा साधक मद्यापुढे नमला. म्हणजे मद्यासक्तीचा संबंध केवळ मनाच्या दुबळेपणाशी जोडता येत नाही. दुसरी, पेला हाती देणारे लोक सागतांचे शत्रू नव्हते, चाहते होते. लग्नाच्या वरातीत, निवडणुकीच्या प्रचारात आणि मित्रांच्या आग्रहात आजही हेच घडते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. नियम सांगण्यापूर्वी तथागतांनी पडलेल्या माणसाला उचलून आणविले. शिवाय हा नियम 'पाचित्तिय' वर्गातील आहे. ज्या अपराधाने भिक्षू संघाबाहेर होतो, त्या 'पाराजिक' वर्गात तो नाही. मद्य प्यालेल्या भिक्षूने दुसऱ्या भिक्षूपुढे आपली चूक उघड करायची आणि पुढे संयम राखायचा, हीच त्याची शुद्धी. दोष लपवू नये, सोबत्यापुढे सांगावा, सोबत्याने तो ऐकून घ्यावा, ही पद्धती संघाने अडीच हजार वर्षे जपली आहे.

आसक्ती हा आजार आहे

मद्यपान आणि मद्यासक्ती यांत भेद आहे. मद्यासक्त माणसाला पहिल्या घोटानंतर थांबता येत नाही, न प्यायल्यास शरीर थरथरते आणि नुकसान दिसत असूनही तो पीत राहतो. आधुनिक वैद्यकशास्त्र यास आजार मानते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५६ साली मद्यासक्तीला आजार म्हणून मान्यता दिली.

केंद्र शासनासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात आणि त्यांपैकी ५.७ कोटींहून अधिक लोकांना मदतीची गरज आहे. मद्यावलंबी असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकालाच कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा उपचार मिळाल्याचे त्यात आढळले. उरलेले सदतीस कोठे आहेत? ते आपल्याच घरांत, आपल्याच वस्त्यांत आहेत.

येथे एक धोक्याची सूचना देणे आवश्यक आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने निश्चयाच्या भरात एका दिवसात दारू बंद करू नये. अशा माणसाला पहिल्या दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, भास आणि तीव्र कंप सुरू होऊन प्राणही जाऊ शकतात. म्हणून प्रथम डॉक्टरांकडे जावे. योग्य औषधे आणि ब-१ जीवनसत्त्व देऊन हे दिवस सुरक्षितपणे पार पाडता येतात. सहाय्यक गट हा वैद्यकीय उपचारांना पर्याय नव्हे. औषधाने शरीरातील विष उतरते. त्यानंतरचे रिकामे दिवस कसे काढायचे, हे गट शिकवतो.

गट कसा जन्मास आला

१९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन या गावी बिल विल्सन हा शेअरबाजारातील व्यावसायिक आणि डॉ. बॉब स्मिथ हा शल्यचिकित्सक यांची भेट झाली. दोघेही मद्यासक्त होते. विल्सनची दारू काही महिन्यांपूर्वी सुटली होती; पण परक्या गावी ती पुन्हा घ्यावी, असा मोह त्याला झाला. त्या वेळी दुसऱ्या मद्यासक्ताशी बोलत राहिल्याने आपण तग धरतो, असा अनुभव त्याला आला. या अनुभवातून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही चळवळ उभी राहिली. लोक तिला 'ए.ए.' म्हणतात. १९३९ साली तिचे मूळ पुस्तक प्रसिद्ध झाले आणि १९५७ साली मुंबईत तिचे काम सुरू झाले. आज महाराष्ट्रात तिच्या सभा मराठीतही भरतात.

या पद्धतीचा उपयोग होतो काय, असा प्रश्न चिकित्सक वाचक विचारील, आणि त्याने तो विचारावा. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. रुग्णाला ए.ए.शी पद्धतशीरपणे जोडून देणारे उपचार इतर मान्य उपचारांच्या तोडीचे आहेत आणि संपूर्ण मद्यमुक्ती टिकविण्यात ते अधिक परिणामकारक ठरतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. सर्वांनाच त्याचा लाभ होतो असे नाही; परंतु जेथे शुल्क नाही आणि अर्जही नाही, तेथे जाऊन पाहण्यात हानी नाही.

शोध कसा घ्यावा

जिल्हा रुग्णालयाचा किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग हे पहिले ठिकाण होय. जवळच्या सभांची माहिती तेथील समुपदेशकांकडे बहुधा असते. केंद्र शासनाची व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. मानसिक आरोग्यासाठी २०२२ साली सुरू झालेल्या 'टेलिमानस' सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या 'मुक्तांगण'सारख्या केंद्रांत निवासी उपचार होतात आणि त्यानंतरचा पाठपुरावाही होतो.

खाजगी केंद्र निवडताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. रुग्णाला बळजबरीने उचलून नेणे, मारहाण करणे, कुटुंबीयांना भेटू न देणे हे उपचार नव्हेत. मद्यासक्तीशी संबंधित मानसिक स्थितींचा समावेश २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आहे. त्या कायद्याने रुग्णाला सन्मानाने वागविले जाण्याचा हक्क दिला आहे. केंद्राची नोंदणी आहे काय, तेथे डॉक्टर येतात काय, हे विचारण्यास संकोच करू नये.

ए.ए.च्या सभा दोन प्रकारच्या असतात. 'खुल्या' सभेला कोणीही जाऊ शकतो. 'बंद' सभा केवळ ज्यांना स्वतःची दारू सोडावयाची आहे, त्यांच्यासाठी असते. आपल्या वस्तीत ओळखीचे लोक भेटतील अशी भीती वाटत असेल, तर दोन स्थानके पलीकडच्या सभेला जावे. पहिल्याच सभेवरून निर्णय करू नये. प्रत्येक गटाचा स्वभाव वेगळा असतो. पाच-सहा सभा पाहून ज्या ठिकाणी मन मोकळे होते, ते ठिकाण धरावे. आरंभीच्या तीन महिन्यांत शक्य तर रोज जावे, असे जुने सभासद सांगतात. ज्या संध्याकाळी पाय गुत्त्याकडे वळत, ती संध्याकाळ भरून निघावी, हा त्यामागचा सरळ हेतू आहे.

सभेत काय घडते

एखाद्या शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या खोलीत दहा-वीस माणसे बसलेली असतात. सभा तास-दीड तास चालते. एकजण सूत्रे सांभाळतो. बोलणारा आपले नाव सांगतो, आपण मद्यासक्त आहोत असे सांगतो आणि आपला अनुभव कथन करतो. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. नवख्याने बोललेच पाहिजे असे नाही. केवळ बसून ऐकले तरी चालते. शेवटी एक पिशवी फिरते. ज्याला जमेल त्याने त्यात काही टाकावे. सभासदत्वाची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. ती सुटलेली असली पाहिजे, अशीही अट नाही. जन्मभर न पिण्याची शपथ येथे कोणी घालत नाही. आजचा दिवस प्यायचे नाही, एवढेच ठरवायचे आणि उद्या पुन्हा तेच ठरवायचे. वर्तमान क्षणाचे अवधान राखण्याचा सराव करणाऱ्या उपासकाला ही रीत परकी वाटणार नाही.

पुढे प्रत्येकजण एक अनुभवी सभासद निवडतो. त्याला 'स्पॉन्सर' म्हणतात. तलफ आली की त्याला फोन करायचा. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर तो कल्याणमित्र होय. कल्याणमित्रता हे अर्धे ब्रह्मचर्य आहे असे आनंद म्हणाले, तेव्हा ते अर्धे नसून संपूर्ण ब्रह्मचर्य आहे, असे तथागतांनी त्यांना सांगितल्याचे संयुक्तनिकायात आले आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना विशेष वाटेल. या सभेत आडनाव विचारले जात नाही. आपल्या देशात आडनाव विचारणे म्हणजे पुष्कळदा जात विचारणे असते, हे आपणांस सांगावयास नको. नाव गुप्त राखण्याचा हा नियम अमेरिकेत लोकलज्जेपासून संरक्षण म्हणून झाला. आपल्याकडे त्याने नकळत दुसरेही एक काम केले. महासागरास मिळालेल्या नद्या आपली पूर्वीची नावे टाकतात, या तथागतांच्या दृष्टांताची येथे आठवण होते. तथापि माणसे समाजातूनच येतात. एखाद्या गटात जातीचा दर्प जाणवलाच, तर गट बदलावा. उपचार सोडू नये.

ईश्वराचा प्रश्न

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. ए.ए.च्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा वारंवार उल्लेख आहे, आणि सभेत प्रार्थनाही होते. बावीस प्रतिज्ञा घेतलेला बौद्ध तेथे कसा बसणार? हा आक्षेप क्षुल्लक नाही. ही चळवळ ख्रिस्ती वातावरणात वाढली, हे ऐतिहासिक सत्य आहे. परंतु आरंभीच्या सभासदांत निरीश्वरवादीही होते. ज्याला जशी उमगेल तशी ती शक्ती मानावी, अशी सूट त्यांच्याच आग्रहाने मूळ मजकुरात आली. 'स्वतःहून मोठी शक्ती' म्हणजे समोर बसलेला गट, असे मानून चालणारे अनेक सभासद आहेत. एकट्याला जे साधले नाही ते वीस जणांच्या सोबतीने साधते, यात अलौकिक असे काहीच नाही.

म्हणून आमचे मत असे : उपासकाने तेथे अवश्य जावे. प्रार्थना म्हणू नये. त्या वेळी शांत उभे राहून श्वासावर लक्ष ठेवावे. कोणी विचारल्यास आपण बौद्ध आहोत, हे निःसंकोच सांगावे. यात कोणतीही प्रतिज्ञा भंगत नाही. उलट सतरावी प्रतिज्ञा पाळण्याचे बळ मिळते. जे ए.ए.तील ईश्वरशब्दाने बिचकतात, त्यांच्यापैकी काहींच्या घरी दारू सोडवण्यासाठी बुवाचा अंगारा गुपचूप आणला जातो, ही विसंगती आपण पाहिली पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की, आपण मद्यापुढे हतबल आहोत, हे मान्य करण्यास ए.ए. सांगते, तथागत तर स्वतःचा दीप स्वतः होण्यास सांगतात. आमच्या मते येथे विरोध नाही. दुःख आहे, हे मान्य करणे हे पहिले आर्यसत्य आहे. पहिल्या पेल्यानंतर माझा माझ्यावर ताबा राहत नाही, ही कबुली म्हणजे दुःखाचे यथार्थ दर्शन होय. पहिला पेला न उचलण्याचा प्रयत्न मात्र प्रत्येकाने स्वतःच करावयाचा असतो.

ज्यांना ही भाषा तरीही पटत नाही, त्यांच्यासाठी अन्य वाटाही आहेत. अमेरिकेत २०१९ साली सुरू झालेली 'रिकव्हरी धर्म' ही संघटना चार आर्यसत्ये आणि अष्टांगिक मार्ग यांच्या आधारे सभा घेते. इंग्रजी जाणणाऱ्यांना दूरस्थ पद्धतीने तिच्या सभांत सहभागी होता येते. मराठीत आणि आपल्या वस्तीत अशी सभा उभी राहणे, हे काम आपले आहे.

कुटुंबीयांसाठी

महाड येथे डिसेंबर १९२७ मध्ये स्त्रियांपुढे बोलताना बाबासाहेबांनी दारुड्या नवऱ्याला आणि मुलाला जेवू घालू नका, असे सांगितले होते. त्यात आकस नव्हता, कणखरपणा होता. नवऱ्याची उधारी फेडणे, कामावर खोटी कारणे कळविणे, पडलेल्याचे सर्व निस्तरणे यांमुळे पिणे सोपे होते, हे आज व्यसनमुक्तीतील कार्यकर्तेही सांगतात. मद्यासक्तांच्या कुटुंबीयांसाठी १९५१ पासून 'अल-अनॉन' ही स्वतंत्र संघटना काम करते. घरातील पुरुष सभेला जावो वा न जावो, पत्नीने, आईने आपल्यासाठी तेथे जावे. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. नकळत दारू सोडविण्याचा दावा करणारी औषधे जेवणात मिसळू नयेत. अशा काही औषधांवर दारू पोटात गेल्यास जीव धोक्यात येतो. स्त्रियाही मद्यासक्त होतात आणि त्यांची लज्जा दुप्पट असते. त्यांच्याविषयी कुजबुज न करता त्यांना डॉक्टरांपर्यंत सोबत द्यावी.

विहारांचे कर्तव्य

विहार समित्यांपुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. विहाराच्या फलकावर जवळच्या सभेचे ठिकाण, वार, वेळ आणि वर दिलेले दोन दूरध्वनी क्रमांक कायम लिहिलेले असावेत. आठवड्यातील एक संध्याकाळ विहाराची खोली अशा सभेसाठी द्यावी. ए.ए. कोणत्याही संस्थेशी संलग्न होत नाही आणि जागेचे भाडे आपल्या पिशवीतून देते. त्यामुळे समितीवर भार पडत नाही. समितीने मात्र कोण येते, हे पाहण्यासाठी दारात उभे राहू नये. तिसरी सूचना अशी की, सभेला जाणाऱ्याचा पाय पुन्हा घसरला, तरी त्याला पंचशील मागण्याचा अधिकार आहे, हे भन्तेजींनी आणि बौद्धाचार्यांनी स्पष्ट शब्दांत सांगावे. व्यसनमुक्तीच्या वाटेवर असे घसरणे पुष्कळांच्या वाट्याला येते. शिक्षापद पुन्हा पुन्हा घेता येते. म्हणूनच ते शिक्षापद आहे.

कौशांबीच्या वेशीत पडलेल्या सागतांना पाहून नगरजन हसले असतील, हळहळले असतील. उचलले ते भिक्षूंनी. आपल्या वेशीत आज जे पडले आहेत, ते आपलेच धम्मबांधव आहेत. त्यांना प्रतिज्ञेची आठवण देण्यापूर्वी आपण त्यांना हात दिला पाहिजे आणि पहिल्या सभेच्या दारापर्यंत त्यांच्यासोबत चालत गेले पाहिजे.